रिठातला मारोती

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत सापडलेला एक ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना चांगला परिचयाचा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने शके ८६२ मध्ये, म्हणजे इसवी सन ९४० साली, जिवापलीकडे प्रिय असलेल्या जगत्तुंग या भावाला पुण्य लाभावं म्हणून एका ब्राह्मणाला अख्खं गाव दान केलं, त्याचा हा दस्तऐवज. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. दान दिलेल्या गावाचं नाव तालपुरुंषक. ते 'नागपूर-नंदिवर्धन' विभागात असल्याचं पटात नमूद आहे, आणि नागपूर या नावाच्या सर्वांत जुन्या उल्लेखांत त्याची गणना होते. चतुःसीमा सांगताना दक्षिणेला कन्हान नदी आहे. नदी अजून वाहते. तालपुरुंषक मात्र कुठल्याही एसटीच्या पाटीवर वाचायला मिळत नाही.

गाव दान करायचं म्हणजे राजा नेमकं काय देत असे? जमीन, तिचं उत्पन्न, झाडं, पाणी आणि ओघानेच ती जमीन कसणारी माणसं. अशा दानपत्रांची भाषा चंद्रसूर्य असेतो टिकण्याची असते. पुढचा एखादा राजा दान मोडेल ही धास्ती असे, म्हणून दान हिरावून घेणाऱ्याला साठ हजार वर्षांच्या दुर्गतीचं भय घालण्याची रीत होती. गावातली माणसंच एक दिवस आपण होऊन उठून जातील, ही शक्यता त्या शापांमध्ये कुठेच धरलेली नाही.

विदर्भात ती शक्यता जागोजागी प्रत्यक्ष दिसते. तिला रीठ म्हणतात. रीठ म्हणजे ओस पडलेलं गाव, पण नुसतं खंडहर नव्हे. तलाठ्याच्या दप्तरात ते शाबूत असतं: मौजाचं नाव, गावनकाशा, शिवेचे दगड, गट नंबर, सातबारा, सारं जागच्या जागी. जनगणनेच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे शून्य असतं. वर्धा जिल्ह्यात अशी शेकडो नावं आहेत. कुठलं पटकीच्या साथीत उठलं, कुठलं दुष्काळात, कुठलं विहिरीचं पाणी आटलं म्हणून, आणि कुठल्या गावाला शेजारचं गाव जास्त सोयीचं वाटलं इतकंच. प्रत्यक्ष जागेवर पाहावं तर दगडांची रास, बुजत आलेली विहीर, चिंचेचं म्हातारं झाड आणि मारोती. शेजारच्या वावरातला शेतकरी शनिवारी त्याला तेल-शेंदूर लावतो, पेरणीच्या आधी नारळ फोडतो. त्या शेतकऱ्याचे आजे-पणजे त्या गावचे असतीलच असं नाही. मारोती शिवारात आहे, तेव्हा त्याचं करायला हवं, एवढाच हिशेब.

एकाच जागेबद्दल अशी तीन दप्तरं तीन तऱ्हेने बोलतात. महसुलाच्या लेखी गाव आहे, जनगणनेच्या लेखी ते रिकामं आहे, आणि ज्याला गावचा रक्षक म्हणून वेशीवर बसवलं त्याची ड्युटी अजून संपलेली नाही. माणसं नसलेलं गाव हे गाव असतं का, हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा आहे: माणसं कमी होणं यात काही अधर्म घडतो का? आणि घडत असेल तर तो कुणाविरुद्ध?

देवळी तालुक्याला वाढ-घटीचा हा खेळ जुना आहे. १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला तेव्हा त्याचं मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. चार वर्षांनी ते हललं आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखीव रस्त्यांचं वर्धा शहर उभं राहिलं. कवठा कवठाच राहिलं. पालकवाडी हे नाव आज इतिहास सांगणाऱ्यांच्याच तोंडी येतं. सरकारच्या एका निर्णयाने एक गाव जिल्हा होता होता राहिलं आणि दुसरं शहराच्या पोटात गडप झालं. गाव घटीनेच मरतं असं थोडंच आहे, वाढही ते पुसून टाकते.

मग रेल्वे आली. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६०च्या दशकात इथून गेला तो पुलगाव, कवठा, दहेगाव, वर्धा असा. कापसाची जुनी पेठ असलेली देवळी काही मैल दक्षिणेला राहून गेली. पुलगावला कापड गिरणी आली, पुढे लष्कराचा दारूगोळा डेपो आला. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव तयार झालं, आणि नव्या शतकात तो भोंगाही बंद पडला. डेपो आहे, ३१ मे २०१६च्या पहाटेआधी तिथे लागलेल्या आगीत आणि स्फोटांत जवान व अग्निशमन दलाचे लोक मृत्युमुखी पडले, आगरगावसारख्या शेजारच्या खेड्यांतल्या माणसांना रात्रीतून घरं सोडावी लागली. जिल्ह्याला रोजगार देणाऱ्या जागेने असं एका रात्रीत गाव रिकामं करावं, हीही इथली रीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी देवळीची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती वीस हजारांच्या आत होती, म्हणजे एकशे दहा वर्षांत जेमतेम चौपट. त्याच काळात नागपूर शहर सव्वा लाखावरून चोवीस लाखांवर गेलं. ज्या नागपूरचं नाव देवळीच्या ताम्रपटात एका विभागाची खूण म्हणून आलं, तिथे आता देवळीची पोरं शिकायला जातात, आणि तिथून पुढे पुण्याला. देवळीत रेल्वे पोचली ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा सुरू झाला तेव्हा. दीडशे वर्षांहून जास्त वाट पाहून आलेली ही गाडी माणसं आणेल की नेईल, यावर चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. दोन्ही बाजू बरोबर असण्याचीच शक्यता जास्त.

जिल्ह्याचा आकडा पाहिला तर चित्र आणखी बोलकं होतं. १८९१ मध्ये वर्धा जिल्ह्यात चार लाखांहून थोडी जास्त माणसं होती, १९०१ मध्ये ती तीन लाख पंच्याऐंशी हजारांच्या घरात आली. मधल्या दशकात दोन मोठे दुष्काळ पडले होते. ती घट मरणाची होती. त्यानंतर शंभर वर्षांनी, २००१ ते २०११ या दशकात, जिल्ह्याची लोकसंख्या १२,३६,७३६ वरून १३,००,७७४ झाली. वाढ ५.१८ टक्के. राज्याची वाढ त्याच दशकात १५.९९ टक्के होती, आणि या जिल्ह्याने स्वतः आदल्या दशकात पंधरा टक्क्यांचा टप्पा ओलांडला होता. घरात पाळणे कमी हलू लागले हे खरं, पण दहा वर्षांत वाढीचा वेग एकतृतीयांशावर येतो तेव्हा माणसं बाहेर गेलेली असतात. हेच दशक शेतकरी आत्महत्यांचं. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. महात्म्याचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख, त्याचं नाव त्या यादीत वाचताना अनेकांना चरचरलं.

कोकणात याहून पुढची अवस्था. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८२ टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाची २.२१ टक्क्यांनी. ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला, पुणे ३० टक्क्यांनी. आणि गंमत अशी, की सर्वांत मोठी घट खेड्यांच्या जिल्ह्यांत नव्हतीच. मुंबई शहर जिल्ह्यात साडेसात टक्के माणसं कमी झाली. परळ-लालबागच्या चाळींतून डोंबिवली-विरारकडे सरकलेल्या संसारांसाठी कुणी ओस पडलेल्या गावांचा शोक केला नाही. तिथल्या जागेचे भाव वाढतच होते, त्यामुळे घट ही घट वाटली नाही.

अमेरिकेत जिल्ह्यासारख्या विभागाला काउंटी म्हणतात. अशा तीन हजारांहून अधिक काउंटींपैकी निम्म्याहून जास्त काउंटींत २०१० ते २०२० या काळात माणसं घटली, देशाची एकूण लोकसंख्या वाढत असूनही. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कोळसा खाणींच्या मॅकडॉवेल काउंटीत १९५० मध्ये ९८,८८७ लोक राहत होते. २०२० मध्ये १९,१११ उरले. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत तर सगळे मिळून ६४. आपल्याकडच्या एखाद्या वाड्यात लग्नाच्या पंगतीला याहून जास्त पानं बसतात. तरी तिथे न्यायालय आहे, शेरीफ आहे, निवडणुका होतात. काउंटी आहे कारण कायद्यात आहे. रिठाच्या सातबाऱ्याचीच ही थोरली बहीण.

इथे प्रश्न धर्माच्या अंगाने पाहावा लागतो, कारण 'वाढ म्हणजे बरकत, घट म्हणजे अवकळा' हे समीकरण अर्थशास्त्रातून आलेलं नाही. ते त्याहून फार जुनं आहे. लेकुरवाळं घर, भरलं गोकुळ, नांदतं गाव ही आपली आशीर्वादाची भाषा. आणि गंमत म्हणजे मोजणीबद्दल त्याच धर्मबुद्धीला भीतीही वाटते. बायबलमध्ये दावीद राजा प्रजेची शिरगणती करतो आणि त्या पापाबद्दल देशावर महामारी येते. आपल्याकडच्या म्हाताऱ्याही भरल्या ताटावरची पोरं मोजू देत नाहीत, नजर लागते म्हणतात. भरपूर असावं, पण किती ते म्हणू नये.

इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पारफिट याने १९८४ साली हीच गोष्ट तर्काच्या टोकापर्यंत ताणून दाखवली. सुखाची नुसती बेरीज करायची ठरवली, तर जेमतेम जगण्यालायक आयुष्य जगणाऱ्या अगणित माणसांचं जग हे थोड्या पण सुखी माणसांच्या जगापेक्षा श्रेष्ठ ठरतं. या निष्कर्षाला त्याने स्वतःच किळसवाणा म्हटलं आणि त्यातून सुटका शोधण्यात आयुष्य घालवलं. पारफिटचं गणित वर्ध्याच्या शेतकऱ्याला कुणी सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय. दोन एकरांच्या चार वाटण्या झाल्या की घर वाढतं आणि माणसं खंगतात, हे त्याने भावकीत पाहिलेलं असतं. एक भाऊ पुण्याला गेला म्हणून दुसऱ्याला वावर पुरलं, अशी कितीतरी घरं आहेत. जाणाऱ्याने गाव बुडवलं, की राहणाऱ्याला तारलं?

वर्ध्याच्या भूमीत या प्रश्नाचं एक उत्तर फार तेजस्वीपणे दिलं गेलं. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधीजी वर्ध्याला आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात राहायला गेले. पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. हिंदुस्थान खेड्यात आहे, खेडं मेलं तर तो मेला, ही त्यांची श्रद्धा होती आणि ती शब्दशः श्रद्धाच होती, सिद्ध करून दाखवायचं प्रमेय नव्हतं. तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये ग्रामगीता दिली, तिच्यात तर गाव हेच दैवत आणि गावाची सेवा हीच पूजा. विनोबांनी पवनारच्या धाम नदीकाठच्या आश्रमातून निघून, देशभर पायी फिरून त्याच धाग्याचं भूदान-ग्रामदान केलं. पण थोडं थांबून पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. गांधीजी पोरबंदरचे, विनोबा कोकणातल्या गागोद्याचे, जमनालालजी मूळ राजस्थानातले. खेड्याचं हे तत्त्वज्ञान ज्यांनी उभं केलं त्यांतले बहुतेक आपापलं गाव सोडून आलेले होते. सेवाग्राम वाढलं ते बाहेरून आलेल्या माणसांनी, आणि आजही तिथली वर्दळ आश्रमाइतकीच १९६९ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाची आहे. यात विसंगती काढून त्यांना कमी लेखण्यात अर्थ नाही. निवडून घेतलेल्या गावावर प्रेम करणं सोपं असतं, जन्माने पदरात पडलेल्या गावावर करणं अवघड, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

जन्माने पदरात पडलेलं गाव कसं असतं, हे बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितलं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं डबकं, असा त्यांचा रोख होता, आणि घटनेने गाव न धरता व्यक्ती हा घटक धरला याचं त्यांना समाधान होतं. गावकुसाबाहेर ज्याची वस्ती, त्याला गाव सोडणं म्हणजे मुक्तीचं पहिलं पाऊल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या दीक्षेला वर्ध्याकडच्या खेड्यांतूनही माणसं गेली. त्यांनी धर्म सोडला, आणि त्यांतल्या कितीकांच्या लेकरांनी शिकून गावही सोडलं. त्या घरांच्या हिशेबात गावची घटलेली लोकसंख्या ही हार म्हणून कशी लिहायची? ग्रामदेवतेच्या पालखीला ज्यांचा खांदा चालत नव्हता, त्यांच्या जाण्याने ग्रामदेवता एकटी पडली असं म्हणणं निर्लज्जपणाचं होईल.

याहून जुना आवाज महानुभाव पंथाचा. चक्रधरस्वामींच्या आचारधर्मात साधकाने स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि आप्तांचा संबंध टाकावा, असा स्पष्ट दंडक आहे. जिथे ओळख आहे तिथे मोह आहे. आणि याच चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात राहिले, तिथल्या गल्लीबोळांत, घराघरांत वावरत आयुष्य काढलं. शिष्य भटकंतीचा, गुरू एका गावचा. दोघांनाही पंथाने सारखंच ईश्वराच्या ठायी मानलं. विदर्भाच्या धर्मपरंपरेत गावात राहणं हे पुण्य आणि गाव सोडणं हेही पुण्य, दोन्हींना जागा आहे. एकाच बाजूला पाप चिकटवायला ही परंपरा मदत करत नाही.

पण चक्रधरांचा त्याग आजच्या स्थलांतराला सरळ लावता येत नाही. टाकायला आधी हातात काही असावं लागतं. कपाशीच्या भावाने, बोंडअळीने आणि बँकेच्या नोटिशीने ज्याला बाहेर काढलं, त्याने स्वग्रामसंबंध टाकला असं म्हणणं थट्टा होईल. त्याची हकालपट्टी झाली. आणि नोकरीवाल्या नवऱ्याच्या अटीवर लग्न करून पुण्याला गेलेली पोरगी तिसऱ्याच वर्गातली. तिने कुणाला टाकलं नाही, तिला कुणी हाकललंही नाही, तिने निवड केली. तिच्या आईने स्वतः तिच्यासाठी हेच मागितलं होतं. जनगणनेच्या तक्त्यात हे तिघं एकाच वजाबाकीत बसतात.

मग घट मोजायची कशाने? या प्रश्नाचं अतिशय नेमकं उत्तर बौद्ध वाङ्मयात आहे, आणि ते इतक्या कमी वेळा आठवलं जातं याचं नवल वाटतं. महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी मगधाचा राजा अजातशत्रू आपला मंत्री वस्सकार याला बुद्धाकडे पाठवतो. त्याला शेजारच्या वज्जी गणराज्यावर स्वारी करायची आहे. बुद्ध मंत्र्याला थेट उत्तर न देता आपला शिष्य आनंद याला सात गोष्टी विचारतो. वज्जी वारंवार एकत्र जमतात का? एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात का? ठरलेले नियम पाळतात का? वडीलधाऱ्यांचं ऐकतात का? स्त्रियांवर बळजबरी करत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा मान राखतात का? आणि अर्हतांना तिथे निर्भयपणे राहता येतं का? जोवर हे सात आहेत तोवर वज्जींची वाढच होईल, घट होणार नाही, असं तो सांगतो.

या सातांत डोकी किती हा प्रश्न नाही. समोर मगधाचं सैन्य उभं असताना, जिथे संख्या विचारणं अगदी साहजिक होतं, तिथेही नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाकडे या नजरेने पाहावं. वस्ती काही शेकड्यांची, बहुसंख्य गोंड. पण ग्रामसभा सतत भरते, निर्णय बहुमताने न घेता एकमताने घेते, दारूपासून जंगलापर्यंत सगळं तिथे ठरतं. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, २०१३ मध्ये गावाने आपली जमीन ग्रामदान म्हणून जाहीर केली. विनोबांचं स्वप्न पवनारच्या पंचक्रोशीत न रुजता दोनशे किलोमीटरवर अशा जंगलात रुजलं. लोकसंख्येच्या तक्त्यात मेंढा कुणाच्या नजरेतही भरणार नाही.

सरकारला मात्र डोकी मोजल्याशिवाय चालत नाही, आणि ते एका मर्यादेपर्यंत न्याय्यही आहे. निधी, रेशन, मतदारसंघ सारं डोक्यांवर ठरतं. २००८च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. माणसं पश्चिमेकडे सरकली, तशी सत्ताही सरकली. त्याच पुनर्रचनेत पुलगाव मतदारसंघाचं नाव बदलून देवळी झालं, एवढाच देवळीच्या पदरी आलेला मान. पण मोजणी जिथे खरी बोचते ती जागा म्हणजे शाळा. २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा राज्यात होत्या, आणि तेव्हापासून अशा शाळा 'समूह शाळां'त विलीन करण्याचा विचार वारंवार पुढे येतो. पट सतरावर आलेल्या शाळेतल्या सतरा पोरांपैकी एकही पोर आपल्या इच्छेने मागे राहिलेलं नसतं. जमलं असतं तर तीही गेलीच असती. जे उरले ते ज्यांच्या बापाला पाठवणं परवडलं नाही ते, आणि त्यांत मुली जास्त.

घटीतला अधर्म शोधायचाच असेल तर तो इथे सापडतो. गावठाणाला काही वाटत नाही. मारोती निर्जन रिठात शतकभर बसू शकतो, त्याची उपासमार होत नाही. पण शेवटची एसटी बंद झालेल्या गावात मधुमेहाची गोळी आणायला कुणाला पाठवावं, हा प्रश्न सत्तरीच्या बाईपुढे असतो, आणि तिचं पुण्य-पाप तिचं तिने निस्तरावं असं कुठल्याच संताने सांगितलेलं नाही. गावासाठी म्हणून जो शोक केला जातो, त्यातला बराचसा गेलेल्यांचा स्वतःसाठीचा असतो: आमचं अंगण, आमची शाळा, आमचा पोळा. उरलेल्यांचं देणं त्या शोकात बुडून जातं.

पोळा, महालक्ष्म्या, भागवत सप्ताह या निमित्ताने ही सगळी गणितं एका वहीत एकत्र येतात. ती वर्गणीची वही. देवळी तालुक्यातल्या कुठल्याही मध्यम खेड्यात पाहावं, वहीत पुण्या-नागपुरातले आकडे गावातल्या आकड्यांपेक्षा मोठे असतात. 'पोट्टे पुण्याले गेले, पण सप्त्याले पैसे पाठवते' हे अभिमानाने सांगितलं जातं. जनगणनेने वगळलेली माणसं देवाच्या वहीत अशी वर्षानुवर्षं हजर राहतात. कौंडण्यपूरची गोष्ट हीच, फक्त मोठ्या मापाची. भीष्मकाची राजधानी म्हणून पुराणांनी गाजवलेलं ते वर्धा नदीकाठचं ठिकाण आज लहानसं खेडं आहे, पण रुक्मिणीच्या माहेरची पालखी तिथून पंढरपूरला निघते आणि ती परंपरा १५९४ पासूनची सांगतात. राज्य गेलं, वस्ती गेली, माहेरपण राहिलं.

मात्र या वहीत एक मोठी उणीव आहे. देवळीच्या औद्योगिक वसाहतीत, जिनिंगमध्ये, वीटभट्ट्यांवर बाहेरच्या राज्यांतून आलेली माणसं काम करतात. ती इथलं पाणी पितात, इथे त्यांची लेकरं होतात, त्यांतली काही इथेच मरतात. गेलेल्याला गाव आपला मानतं, आलेल्याला मात्र फार काळ 'बाहेरचे' म्हणतं. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्याचा नातू देवळीच्या मिरणनाथ महाराजांच्या यात्रेत हक्काने मिरवतो, दहा वर्षं इथे राबणारा दाराशी उभा राहून प्रसाद घेतो. माणसं घटल्याचं दुःख खरं असतं तर आलेल्यांकडे इतकी पाठ फिरवली गेली नसती. वज्जींबद्दल विचारलेल्या सातव्या प्रश्नाचा रोख याच बाजूला आहे: न आलेल्यांनी यावं, आणि आलेल्यांना सुखाने राहता यावं.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. सोळा वर्षांनी माणसं मोजली जातील, जातही विचारली जाईल. जो सहसा जिथे राहतो तिथे तो मोजला जातो, हा नियम जुनाच. देवळी तालुक्यातल्या कित्येक घरांत दाराला कुलूप असेल, कित्येकांत दोन म्हातारी माणसं, आणि एमआयडीसीलगतच्या खोल्यांत ज्यांची मातृभाषा मराठी नाही अशी कुटुंबं. आकडा येईल, तो कमी-जास्त असेल, त्यावर भाषणं होतील.

वज्जींबद्दल विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचा आकडा मात्र गावागावांत आजही काढता येतो. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जे कमी असेल तितके लागतात. मतदारयादीत पुण्यात राहणारेही असतात आणि ते काही ग्रामसभेला येत नाहीत, म्हणून संख्या भरत नाही आणि सभा तहकूब होते. पण ज्या सकाळी सभा तहकूब होते, त्या सकाळी गावात शंभर माणसं नसतात असं नाही. ती पारावर असतात, वावरात असतात, घरात असतात. बायकांना तर बहुधा कुणी निरोपच दिलेला नसतो. तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला गणपूर्ती लागत नाही. सरपंच, सचिव आणि चार-दोन माणसं बसतात, रस्त्याचा, पाण्याच्या टाकीचा, शाळेच्या खोलीचा ठराव मंजूर होतो, आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं.